वेशीवरचे सभागृह

पॅरिसच्या मेट्रोचा नकाशा पाहिला, तर शहराच्या कडेकडेच्या अनेक स्थानकांच्या नावात ‘पॉर्त’ हा शब्द सापडतो. पॉर्त म्हणजे दरवाजा; आपल्याकडे ज्याला वेस म्हणतात ती. विजापूर, औरंगाबाद, अहमदनगर या शहरांचे तट जागोजागी ढासळले, तरी वेशींची आणि दरवाजांची नावे लोकांच्या तोंडी राहिली. पॅरिसचेही तसेच झाले. १८४० च्या दशकात या शहराभोवती तट बांधला गेला. पहिल्या महायुद्धानंतर तो पाडला. पुढे त्याच पट्ट्यात, १९५८ ते १९७३ या काळात, शहराला वळसा घालणारा ३५ किलोमीटर लांबीचा हमरस्ता झाला. त्याला ‘पेरिफेरिक’ म्हणतात. दगडांचा तट गेला आणि मोटारींचा तट आला. आत राजधानी, बाहेर उपनगरे.

शहराच्या ईशान्येला ‘पॉर्त द पाँतँ’ ही वेस आहे. तिथे, त्या हमरस्त्याच्या अगदी कडेला, पॅरिसने एक मोठे संगीत सभागृह बांधले. त्याचे नाव ‘फिलार्मोनी द पारी’. १४ जानेवारी २०१५ रोजी ते सुरू झाले. सिंफनी वाद्यवृंदासाठी खास बांधलेल्या या सभागृहात २,४०० श्रोते बसतात. मुंबईच्या शण्मुखानंद सभागृहाची आसनसंख्या याहून थोडी जास्त आहे, म्हणजे केवळ आकाराचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. अप्रूप आहे ते जागेचे. श्रीमंत पॅरिस पश्चिमेला राहते. मग एवढा पैसा ओतून हे सभागृह पूर्वेच्या वेशीवर का बांधले? आणि तिथे बांधल्याने वेशीबाहेरच्या माणसांना खरेच काही मिळाले का?

हा प्रश्न आपल्या वाचकांना जवळचा वाटावा असा आहे, कारण वेशीबाहेर राहणाऱ्यांमध्ये मुसलमान कुटुंबे फार मोठ्या संख्येने आहेत. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया, माली, सेनेगल या देशांतून ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा कामधंद्यासाठी आले, ती ही माणसे. फ्रान्सच्या जनगणनेत धर्म विचारला जात नाही, त्यामुळे नेमका आकडा सांगता येत नाही. पण पाँतँ, ओबेर्व्हिलिए, बोबिनी या गावांच्या बाजारात एक फेरी मारली, तरी हलाल मांसाची दुकाने, खजुरांचे ढीग आणि जुम्म्याची गर्दी सगळे सांगून जाते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकू. संगीताविषयी आपल्या घराघरांत मतभेद आहेत. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समा या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात अटी घातल्या, इतर अनेक उलेमांनी याहून कडक भूमिका घेतली. आपल्या दख्खनेत दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाने ‘किताब-ए-नवरस’ रचली. हा वाद मोठा आहे आणि या लेखाला त्यात पडायचे नाही. सार्वजनिक पैशातून उभारलेली वास्तू कोणासाठी असते, ती कशी बांधावी आणि कशी वापरावी, हा प्रश्न मात्र सगळ्यांचाच आहे.

कत्तलखान्याच्या जागेवर

हे सभागृह जिथे आहे त्या भागाला ला व्हिलेत म्हणतात. १८६७ मध्ये तिथे पॅरिसचा मोठा गुरांचा बाजार आणि कत्तलखाना सुरू झाला. शंभराहून अधिक वर्षे राजधानीला मांस इथूनच जाई. खाटीक, हमाल, गाडीवान, कातडे कमावणारे अशा कष्टकऱ्यांची ही वस्ती. १९६० च्या दशकात सरकारने प्रचंड खर्च करून इथे नवा कत्तलखाना बांधायला घेतला. पण तोवर शीतगाड्या आल्या होत्या. जिवंत जनावरे शहरात आणण्याची गरजच उरली नव्हती. त्या खर्चाचा मोठा गाजावाजा झाला आणि १९७४ मध्ये सगळे बंद पडले.

मोकळ्या झालेल्या त्या ५५ हेक्टर जमिनीवर पुढे बाग झाली, विज्ञानाचे मोठे संग्रहालय झाले, गुरांच्या बाजाराची लोखंडी छपराची जुनी इमारत प्रदर्शनांसाठी वापरात आली. १९९५ मध्ये क्रिस्तियाँ द पोर्झांपार्क या वास्तुविशारदाने बांधलेली ‘संगीतनगरी’ इथे उघडली. तिच्यात एक मध्यम आकाराचे सभागृह आणि वाद्यांचे संग्रहालय आहे. मोठे सभागृह मात्र राहून गेले होते. संगीतकार पिएर बुलेझ कित्येक वर्षे त्यासाठी आग्रह धरून होते.

२००६ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकार आणि पॅरिस महापालिका यांनी मिळून ते बांधण्याचे जाहीर केले. त्याच्या जेमतेम पाच महिने आधी, ऑक्टोबर २००५ मध्ये, क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांपासून पळताना दोन मुले विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून मेली. झिएद बेन्ना सतरा वर्षांचा होता, बुना त्राओरे पंधरा वर्षांचा. त्यानंतर तीन आठवडे फ्रान्सची उपनगरे पेटली होती. सभागृहाची मागणी त्याआधीची, त्यामुळे एकातून दुसरे जन्मले असे म्हणता येणार नाही. पण वेशीच्या आतबाहेरचे अंतर किती वाढले आहे हे त्या दिवसांत सगळ्या देशाने पाहिले होते, आणि सभागृह नेमके त्या रेषेवर उभे राहायचे होते.

विरोध झाला. तोवर पॅरिसचा नामांकित वाद्यवृंद पश्चिमेच्या श्रीमंत विभागातल्या ‘साल प्लेयेल’ या जुन्या सभागृहात वाजवत असे. तिथल्या नेहमीच्या श्रोत्यांना पॉर्त द पाँतँ म्हणजे जगाचे टोक वाटे. रात्री दहा वाजता तिथून परतायचे कसे, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारला गेला. गंमत अशी, की उपनगरातली माणसे हाच प्रवास उलट दिशेने रोज करत होती. पहाटे जाऊन त्याच श्रीमंत विभागातली कार्यालये झाडत होती, रात्री परत येत होती. त्यांना तो लांब पडतो का, हे कोणी विचारले नव्हते.

जाळीच्या खिडक्या बांधणारा माणूस

२००७ च्या स्पर्धेत झाँ नुव्हेल यांचा आराखडा निवडला गेला. मुस्लिम जगाला हे नाव नवे नाही. पॅरिसमध्ये सेन नदीकाठी १९८७ मध्ये उघडलेल्या ‘अरब जग संस्थे’च्या इमारतीचे ते एक शिल्पकार. तिच्या दक्षिणेच्या भिंतीवर धातूच्या २४० चौकटी आहेत. आपल्या जुन्या वाड्यांत, हवेल्यांत असते तशी जाळी, अरबीत मश्रबिया, त्यांनी तिथे यंत्राच्या रूपात आणली. कॅमेऱ्याचा पडदा जसा उघडतो-मिटतो, तशी त्यातली छिद्रे उन्हाप्रमाणे लहानमोठी व्हावीत अशी ती योजना होती. पुढे अबू धाबीचे लूव्र संग्रहालय आणि कतारचे राष्ट्रीय संग्रहालयही त्यांनीच बांधले. अबू धाबीतल्या विशाल घुमटाच्या जाळीतून जमिनीवर पडणारा उन्हाचा सडा हा खजुरीच्या झावळ्यांखालच्या सावलीची आठवण करून देतो.

पॅरिसच्या सभागृहासाठी त्यांनी टेकडी कल्पिली. बागेतून चालता चालता माणूस उताराला लागावा आणि वळणावळणाने ३७ मीटर उंचीच्या छतापर्यंत पोहोचावा. तिकीट असो वा नसो. वर गेल्यावर एका बाजूला पॅरिस दिसते आणि दुसऱ्या बाजूला हमरस्त्यापलीकडची उपनगरे. सगळी इमारत करड्या रंगाच्या छटांमधल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांनी मढवली आहे. ते तुकडे पक्ष्यांच्या आकाराचे आहेत आणि त्यांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजार आहे. दुरून पाहिले तर पक्ष्यांचा थवा छतावर उतरल्यासारखा वाटतो. हमरस्त्याच्या बाजूला ५२ मीटर उंचीची एक उभी भिंत आहे. तिच्यावर कार्यक्रमांची नावे उमटतात, म्हणजे वाहतुकीत अडकलेल्या माणसालाही आज आत काय आहे ते कळावे.

हे सगळे स्वस्तात झाले नाही. सुरुवातीचा अंदाज सुमारे २० कोटी युरोंचा होता; प्रत्यक्ष खर्च जवळपास ३९ कोटींवर गेला. पैसा केंद्र सरकार आणि पॅरिस महापालिका यांनी प्रत्येकी ४५ टक्के आणि प्रादेशिक सरकारने १० टक्के असा वाटून घ्यायचे ठरले होते. काम मध्येच काही काळ थांबले. शेवटी उद्घाटनाची तारीख आली तेव्हा इमारत पुरी झालेली नव्हती. आपल्या आराखड्याला धक्का लावला, असे म्हणत नुव्हेल स्वतः उद्घाटनाला गेलेच नाहीत. वाद कोर्टात गेला आणि २०२१ मध्ये समेटाने मिटला. सार्वजनिक बांधकामाचे हे रडगाणे आपल्याकडेच ऐकू येते असे नाही.

गोल घुमट आणि तरंगते सज्जे

संगीत सभागृहाचा खरा कस आवाजात लागतो. ज्यांनी विजापूरचा गोल घुमट पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल. तिथल्या सज्जात एका बाजूला भिंतीशी पुटपुटलेला शब्द समोरच्या बाजूला, कानात सांगितल्यासारखा ऐकू येतो. टाळी वाजवली तर ती पुन्हा पुन्हा परत येते. कौतुकाची गोष्ट आहे. पण त्याच घुमटाखाली चाळीस वादक बसवले, तर पहिला सूर विरायच्या आत दुसरा, तिसरा येऊन आदळेल आणि सगळ्याचा गोंगाट होईल. आवाज अजिबात घुमला नाही, तरी चालत नाही. जाड पडदे आणि गाद्या असलेल्या खोलीत कोणाचाही गळा कोरडा लागतो. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे हे ध्वनितज्ज्ञांचे काम. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत मिमार सिनानने घुमटाच्या आत मातीची मडकी बसवली, ती याच विचाराने. कुराणाचे पठण मागच्या सफीपर्यंत पोहोचावे, पण शब्द एकमेकांत मिसळू नयेत.

पॅरिसमध्ये हे काम न्यूझीलंडचे हॅरोल्ड मार्शल आणि जपानचे यासुहिसा टोयोटा यांनी नुव्हेल यांच्याबरोबर केले. त्यांनी एका खोलीत दुसरी खोली ठेवावी तशी रचना केली. आतली खोली श्रोत्यांच्या सज्ज्यांनी बनली आहे. हे सज्जे मागच्या भिंतीला चिकटलेले नाहीत, पुलासारखे पुढे आले आहेत. पाहताना तरंगत असल्यासारखे वाटतात. त्यांच्या पाठीमागे मोठी पोकळी आहे. वाद्यातून निघालेला आवाज आधी जवळच्या सज्ज्यांच्या कडांवर आणि वर टांगलेल्या ढगांसारख्या पट्ट्यांवर आपटून लगेच श्रोत्याकडे येतो, त्यामुळे प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. उरलेला आवाज सज्ज्यांमागच्या पोकळीत जातो, तिथे घुमतो आणि हळूहळू परत येतो. स्पष्टपणा आतल्या खोलीने दिला, भरदारपणा बाहेरच्या. शिवाय पन्नास-साठ पावलांवर रात्रंदिवस वाहणाऱ्या मोटारींचा एक हुंकारही आत येता कामा नये. त्यासाठी सभागृह बाहेरच्या इमारतीपासून वेगळे तोलून धरलेले आहे.

बैठकीची मांडणीही पाहण्यासारखी आहे. जुन्या युरोपी सभागृहात एका टोकाला मंच असतो आणि रांगा मागे मागे जातात. पैसेवाला पुढे, बाकीचे लांब. इथे मंच मध्याच्या जवळ आहे आणि श्रोते चारही बाजूंना. वाद्यवृंदाच्या संचालकापासून सर्वात दूरच्या खुर्चीचे अंतर अवघे ३२ मीटर आहे. संचालकाच्या समोर, म्हणजे वादकांच्या पाठीमागे बसणाऱ्याला त्याचा चेहरा आणि हातवारे दिसतात. ही कल्पना मूळची बर्लिनच्या १९६३ च्या सभागृहातली. आपल्या कव्वालीच्या महफिलीत किंवा जुन्या मुशायऱ्यात लोक गोलाकार बसत, तेव्हा कोणी फार मागे पडत नसे, तसेच हे.

खालच्या रांगा काढून टाकता येतात. मग उभ्याने ऐकणाऱ्यांसह साडेतीन हजारांहून अधिक माणसे मावतात. त्यामुळे सिंफनीबरोबरच जॅझ, पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत, पडद्यावर चित्रपट आणि समोर जिवंत वाद्यवृंद असे नाना प्रकार इथे होतात.

उद्घाटनाचा आठवडा

७ जानेवारी २०१५ रोजी ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला झाला. कचेरीत आणि बाहेर मिळून बारा माणसे मारली गेली. दोन दिवसांनी एका ज्यू दुकानात चार ओलीस मारले गेले. कचेरीवर हल्ला करणारे दोन भाऊ काही वर्षांपूर्वी याच एकोणिसाव्या विभागातल्या, म्हणजे ज्या विभागात हे सभागृह आहे तिथल्याच, एका कडव्या टोळक्यात वावरलेले होते. पळताना त्यांनी आपली गाडीही याच विभागात सोडली.

हल्लेखोरांनी ज्यांना रस्त्यावर गोळी घातली, ते पोलीस शिपाई अहमद मेराबे मुसलमान होते. ज्यू दुकानातल्या गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतकोठारात लपवणारा नोकर लस्साना बाथिली मालीहून आलेला मुसलमान होता. मेराबे यांना १३ जानेवारी रोजी बोबिनीच्या मुस्लिम कब्रस्तानात दफन करण्यात आले. मेट्रोची जी पाच क्रमांकाची गाडी पॉर्त द पाँतँला थांबते, तीच पुढे बोबिनीला जाऊन संपते. दुसऱ्या दिवशी, १४ जानेवारीला संध्याकाळी, सभागृह उघडले. राष्ट्राध्यक्ष ओलाँद आले होते. पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त होता. तो कार्यक्रम हल्ल्यात मेलेल्यांच्या स्मृतीला अर्पण केला गेला. त्यात फोरे या फ्रेंच संगीतकाराची, मृतांच्या शांतीसाठी रचलेली प्रार्थनाही होती. ती त्या आठवड्यात वेशीच्या दोन्ही बाजूंच्या मयतांना लागू पडत होती.

दिवसभर उघडे घर

सभागृह संध्याकाळी दोन तास उघडते आणि उरलेले बावीस तास कुलपात असते, हा जगभरचा अनुभव. इथे तसे होऊ नये म्हणून सुरुवातीपासूनच मोठ्या सभागृहाच्या खाली आणि बाजूला सरावाच्या खोल्या, शिकवण्याच्या खोल्या, प्रदर्शनाचे दालन अशी जोड दिली. संगीतनगरी आणि नवे सभागृह यांचा कारभारही एक केला. पहिले संचालक लोराँ बेल यांचा भर शनिवार-रविवारवर होता. त्या दिवशी कुटुंबांनी यावे, मुले कार्यशाळेत बसावीत आणि आईवडील कार्यक्रम ऐकावेत, असे बेत आखले गेले. अनेक कार्यक्रमांची तिकिटे १० युरोपासून ठेवली. २०२१ मध्ये चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी एक स्वतंत्र दालन उघडले. तिथे मुलांनी वस्तूंना हात लावायचा, वाजवायचे, आवाज कसा जन्मतो ते स्वतः करून पाहायचे.

शेजारच्या संग्रहालयात आपल्या ओळखीच्या खुणा खूप आहेत. युरोपातले ल्यूट हे वाद्य अरबी ‘अल-ऊद’मधून आले, नावासकट. गजाने वाजवायच्या वाद्यांची परंपरा युरोपात पोहोचली, त्यात रबाबचा वाटा मोठा. नक्काऱ्याची जोडीही तिकडूनच गेली. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या सौरींद्र मोहन टागोरांनी पॅरिसला भारतीय वाद्ये भेट पाठवली. तीही या संग्रहाचा भाग आहेत. २०१८ मध्ये इथे ‘अल मुसिका’ नावाचे प्रदर्शन भरले. अरब जगातल्या संगीताचा प्राचीन काळापासून आजपर्यंतचा प्रवास त्यात मांडला होता. पलीकडच्या पाँतँमध्ये वाढलेल्या मुलीला आपल्या आजीच्या घरातला आवाज पॅरिसच्या या भारदस्त इमारतीत, काचेच्या पेटीत नव्हे तर कानाला लावायच्या यंत्रातून, मानाने ऐकायला मिळाला.

हिजाब घातलेल्या बाईला तिथे जाता येते का, असे आपल्यापैकी कोणी विचारील. जाता येते. फ्रान्सचा २००४ चा कायदा सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. २०१० चा कायदा चेहरा पूर्ण झाकण्याला मनाई करतो. सार्वजनिक संस्थेच्या नोकरांवर धर्मचिन्हांचे बंधन आहे, श्रोत्यांवर नाही. पण कायद्याने दार उघडे असणे वेगळे आणि आत गेल्यावर अवघडल्यासारखे न वाटणे वेगळे.

वाद्य घरी जाते तेव्हा

हे अवघडलेपण दूर करण्याचा सर्वात मोठा प्रयत्न इमारतीच्या बाहेर झाला. २०१० मध्ये, म्हणजे सभागृह उघडण्याच्या पाच वर्षे आधी, संगीतनगरीने ‘देमोस’ नावाचा उपक्रम सुरू केला. गरीब वस्त्यांतली सात ते बारा वर्षांची मुले, ज्यांच्या घरी अशा संगीताची काहीही परंपरा नाही, त्यांना तीन वर्षे फुकट शिकवायचे. व्हेनेझुएलातल्या बालवाद्यवृंदांच्या चळवळीने अशा कामाची वाट आधी दाखवली होती.

देमोसची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पंधरा-पंधरा मुलांचा गट असतो. आठवड्यातून दोनदा ती वस्तीतल्याच समाजकेंद्रात जमतात. शिकवायला वादक असतात, पण त्यांच्या जोडीला त्या वस्तीला ओळखणारा समाजकार्यकर्ताही असतो. कोणाची अम्मी रात्रपाळीला जाते, कोणाच्या घरात सरावाला जागा नाही, हे त्याला ठाऊक असते. आधी स्वरलिपीची पाटी गिरवायला लावत नाहीत. गाऊन, ताल धरून, ऐकून सुरुवात होते. वाचन मागून येते. आपल्याकडे उस्ताद आधी कानाला शिकवतात, तसेच. महिना-दीड महिन्याने असे सगळे गट एकत्र आणले, की शंभरेक मुलांचा पूर्ण वाद्यवृंद उभा राहतो. वर्षाअखेर तो वाजवतो कुठे, तर याच मोठ्या सभागृहाच्या मंचावर.

आणि वाद्य मुलाच्या घरी जाते. व्हायोलिन, चेलो, तुतारीसारखी पितळी वाद्ये तीन वर्षांसाठी मुलाच्या हाती दिली जातात. पुढे शिकत राहिले, तर ते त्याच्याकडेच राहते. सुरुवातीला अनेकांनी भीती घातली होती, की महागडी वाद्ये हरवतील, मोडतील, विकली जातील. तसे झाले असते तर उपक्रम बंद पडला असता. तो पॅरिसच्या आसपासच्या भागातून देशभर पसरला. दहा वर्षांत चाळीसहून अधिक वाद्यवृंद उभे राहिले. बरीच मुले नंतर शहराच्या संगीतशाळांत गेली.

मंचावर पोरगे बसते, तेव्हा खुर्च्यांत त्याचे आईवडील, भावंडे, खाला, फूफी असतात. त्या घरातल्या कित्येकांचे त्या इमारतीत पडलेले ते पहिलेच पाऊल. पक्ष्यांच्या आकाराचे लाखो तुकडे जे करू शकले नाहीत ते काम एका छोट्या व्हायोलिनच्या पेटीने केले. सभागृह वेशीवर आणले म्हणून अंतर कमी झाले हे खरे; पण उंबरठा ओलांडायला घरातले कोणीतरी आत असावे लागते.

जे सभागृहाला जमत नाही

एवढे लिहून झाल्यावर हेही लिहिले पाहिजे, की तट अजून उभा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅम्युएल पाती या शिक्षकाची निर्घृण हत्या झाली. त्याआधी त्या शिक्षकाविरुद्धची एक चित्रफीत पाँतँच्या मशिदीच्या समाजमाध्यमावरील पानावर टाकली गेली होती. सरकारने ती मशीद सहा महिने बंद ठेवली. चित्रफीत टाकणे चूक होते, हे मशिदीच्या चालकांनीही मान्य केले. पण तिथे नमाजला येणाऱ्या शेकडो सामान्य माणसांचा त्या चित्रफितीशी काय संबंध होता? सहा महिने त्यांनी आपल्या मशिदीला लागलेले कुलूप पाहिले. त्याच काळात कोरोनामुळे सभागृहही श्रोत्यांविना होते. दोन दारे, एकाच हमरस्त्याच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या कारणांनी बंद.

संगीताने नोकरी मिळत नाही. आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवणारा मालक सिंफनी ऐकून सुधारत नाही. पोलिसांची झडती चुकत नाही. सभागृहाकडून ही अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. सभागृहाने एवढेच करायचे, की सगळ्यांच्या पैशाने बांधलेल्या घरात सगळ्यांना मानाची जागा द्यायची. पॅरिसने ते पूर्ण साधले असे नाही, पण जागा निवडताना, तिकीट ठरवताना आणि वाद्य मुलाच्या हाती देताना त्याचा विचार केला.

आपल्या प्रत्येक मोठ्या गावात नगरपालिकेचे नाट्यगृह आहे आणि बहुतेक मुस्लिम मोहल्ल्यांत शादीखाना आहे. नाट्यगृहात मोहल्ल्यातले किती जण वर्षातून एकदा तरी जातात? शादीखाना लग्नांच्या तारखा सोडून उरलेल्या दिवसांत कशासाठी उघडतो? संगीत नको वाटत असेल, तर मुलींसाठी खुशखत म्हणजे सुंदर हस्ताक्षराचा वर्ग घ्या, मुलांसाठी विज्ञानाचे प्रयोग ठेवा, म्हाताऱ्यांसाठी महिन्यातून एक मुशायरा भरवा, आणि त्याला शेजारच्या आळीतल्या मराठी कवींनाही बोलवा. नगरपालिकेच्या नाट्यगृहासाठी शाळेच्या नावाने अर्ज करा. ते आपल्याही करातून चालते. पॅरिसला ३९ कोटी युरो लागले. यातल्या बहुतेक गोष्टींना किल्ली कोणाकडे आहे ते शोधून काढण्याइतकाच खर्च येतो.